राखेच्या डोंगराची गोड आठवण

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स पर्वत एके काळी शंकूसारखा देखणा होता. १८ मे १९८० रोजी, रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाने त्याची उत्तरेकडची बाजू ढासळली आणि ज्वालामुखीचा स्फोट झाला. पर्वताची उंची सुमारे ४०० मीटरने घटली, ५७ जणांचे प्राण गेले. दूरच्या याकिमा शहरात राखेमुळे भरदिवसा काळोख दाटला.

त्या दिवसाची आठवण म्हणून घरी ‘पाय’ करायचा, तर सारण हकलबेरीचेच हवे. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत फळांचे सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. जांभळट, आंबटगोड हकलबेरी याच डोंगररांगांत पिकते. मेमध्ये ताजी फळे नसतात. आदल्या मोसमात गोठवून ठेवलेली वापरायची. वरची पारी मध्ये उंच ठेवून एका बाजूला भोक पाडावे. तेच ज्वालामुखीचे मुख. त्या दिवशी लाव्ह्यापेक्षा राखेनेच कहर केला, म्हणून वरून पिठीसाखर भुरभुरायची.

माणसे गेली त्या दिवशी गोड खायचे का? उत्तर तो डोंगरच देतो. बर्फाखाली दडलेली हकलबेरीची काही झुडपे वाचली आणि पुन्हा पालवली. उजाड राखेत ल्युपिनची जांभळी फुले उमलली. आपल्याकडे तेराव्याला गोडाचे जेवण करतात, तसाच हा घास. पहिला तुकडा गेलेल्यांच्या नावाने बाजूला काढावा, उरलेला सगळ्यांनी वाटून खावा.