भुतांची वही

माणसाला कोणत्या वयात कसला नाद लागेल, याचा काही नेम नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी चाळिशी उलटल्यावर पेटी शिकायला बसतो आणि शेजाऱ्यांची झोप उडवतो. मला भुतांचा नाद लागला. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारले, की ऐकणारांचे सरळ दोन तट पडतात. निम्मे लोक आपली खुर्ची किंचित मागे सरकवतात. उरलेले निम्मे ती पुढे ओढतात आणि आवाज उतरवून म्हणतात, "मास्तर, आमच्या मामांच्या गावी एक प्रकार घडला होता बरं का!" या दुसऱ्या तटाच्या जिवावर माझी वही भरते.

"मग तुम्ही स्वतः भूत पाहिलंय का हो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही, पाहिलेले नाही. पण नाद लागायला पाहावेच लागते असे थोडेच आहे? विठ्ठल भेटलाच पाहिजे अशी अट घालून कुणी वारीला निघत नाही.

नादाचे मूळ अगदी व्यावहारिक होते. एका कादंबरीत मला पिंपळावरचा मुंजा हवा होता. आता मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर, सोडमुंजेच्या आधीच वारलेल्या मुलाचे भूत, एवढे मला ठाऊक होते. पण तो करतो काय, रागावतो कशाने, हे कुठे ठाऊक होते? शोधता शोधता 'कोकणातील लोकविद्या' या विषयावरचे एन्थोवेन साहेबांचे १९१५ सालचे इंग्रजी पुस्तक हाती लागले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच, तेव्हा मांडीवर शब्दकोश घेऊन बसलो आणि पहिल्याच रात्री चकित झालो. पानोपानी तळटिपा होत्या, आणि त्यांत माहिती देणाराचा उल्लेख होता : अमक्या गावचा 'स्कूल मास्टर', तमक्या गावचा 'स्कूल मास्टर'. नाव नाही, गाव तेवढे आहे. शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या खेड्यांतून माझेच व्यवसायबंधू, पाट्या तपासून झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात भुतांची माहिती लिहून धाडत होते!

त्यांना हे प्रश्न पाठवले होते ए. एम. टी. जॅक्सन यांनी. होय, तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. इतिहासाच्या तासाला तो प्रसंग मी कितीदा शिकवला असेन! पण त्या माणसाच्या कपाटात मुंजे, हडळी आणि वेताळ यांच्या हकिगतींचे गठ्ठे होते, हे मला ठाऊक नव्हते. विचारणारा गेला, उत्तरे मागे राहिली, आणि ती दुसऱ्याने छापली. त्या रात्री मी एक दोनशे पानी वही काढली. शाळामास्तरांचे हे काम अर्धवट का राहावे?

वहीत मी तीन रकाने आखले. पहिला, काय घडले. दुसरा, कुणी पाहिले : स्वतः की मामांनी? तिसरा, त्याला गाव काय म्हणते. वाचकहो, हा नाद तुम्हांला लागलाच, तर दुसऱ्या रकान्याला फार जपा. शंभरांतल्या नव्वद गोष्टी त्या रकान्याच्या उंबऱ्यावरच अडखळतात. कारण पाहणारा नेहमी मामा असतो, आणि मामा आता हयात नसतात.

उरलेल्या दहांत मात्र मोठी मौज आहे. चकव्याचेच घ्या. रात्री माळावर माणूस चालत राहतो आणि पहाटे पुन्हा त्याच बाभळीपाशी येतो. हे सांगणारे मला स्वतः भेटले, आणि ते थापा मारीत नव्हते. यान सौमन नावाच्या संशोधकाने जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून पाहिले. २००९ साली ते प्रसिद्ध झाले. सूर्य वा चंद्र दिसत होता तोवर माणसे बरीचशी सरळ चालली. आभाळ झाकोळले तशी ती नकळत वळून आपल्याच वाटेला छेदू लागली. डोळे बांधले तर वीस मीटरांहूनही लहान वर्तुळात फिरू लागली, आणि आपण नाकासमोर चाललो आहोत अशी त्यांची खात्री! आमच्या म्हाताऱ्यांनी अनुभव अचूक टिपला होता. फक्त तिसऱ्या रकान्यात 'चकवा' लिहिले होते.

प्लँचेटचेही तसेच. वाटी उपडी घालून तिच्यावर बोटे टेकायची आणि मेलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे, हा खेळ कुणी ना कुणी केलेलाच असतो. वाटी हलते, यात शंकाच नाही. विलायतेत लोक असेच टेबल फिरवीत, तेव्हा १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी हाताखाली सरकत्या पुठ्ठ्यांची चळत ठेवून पाहिले. टेबलाआधी हात सरकत होते. आणि हात सरकतो आहे हे दाखवणारा काटा मंडळींच्या डोळ्यांसमोर ठेवताच टेबल गप्प झाले! कुणी लबाडी करीत नव्हते. हातांना जे हवे होते, ते हात करीत होते.

एकदा आरवलीला वेतोबाच्या दर्शनाला गेलो. भुतांचा राजा, पण तिथे तो गावाचा राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची गस्त घालतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. ज्याची भीती वाटते, त्याला चपला देऊन कामाला लावणारी ही माणसे मला फार आवडली.

असा हा नाद, थोडा शहाणपणाचा आणि बराचसा गमतीचा, चालला होता. अण्णा गेले, आणि भूत आमच्याच घरी आले.

अण्णांना जाऊन दोन महिने झाले असतील. आईचे जेवण तुटले, झोप गेली. विचारले तर म्हणे, "काही नाही रे." शेवटी शेजारच्या वहिनींनीच मला कुंपणापाशी गाठले. "भावोजी, काकींना पहाटे ह्यांचा खोकला ऐकू येतो म्हणतात. जीव कशात तरी अडकलाय. भगताला दाखवा, तो बांधून टाकील."

मी आईजवळ जाऊन बसलो. समजूत घालायला शब्द सुचेनात, म्हणून सवयीने वहीतलेच प्रश्न विचारले. "कधी ऐकू येतं, आई?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी थट्टा करीत नाही, हे तिला उमगले असावे. "पाचच्या सुमारास. पडवीतून. दोनदा खोकतात, मग तांब्या ठेवल्याचा आवाज येतो."

"भीती वाटते?"

"खोकल्याची कसली भीती? चाळीस वर्षं ऐकलाय तो." मग तिचा आवाज कापला. "भगत म्हणे भूत बाटलीत भरतो. ज्या माणसाला जन्मभर मी डबा भरून दिला, त्याला बाटलीत भरू देऊ का रे?"

भगत आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. भूत उतरवण्याच्या नावाने माणसाला मारझोड करणे, छळणे, हा २०१३ पासून महाराष्ट्रात कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीच्या २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, तेव्हा कुठे तो झाला. पण बाटलीला कायदा पुरत नाही. तिथे घरच्या माणसालाच दारात उभे राहावे लागते.

मी आईला वेल्समधल्या डॉक्टर रीस यांची हकिगत सांगितली. त्यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना भेटून विचारले आणि १९७१ साली लिहून ठेवले, की त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळपास असल्याचे जाणवत होते. कुणाला तो दिसे, कुणाला ऐकू येई. बहुतेकांनी त्याआधी हे कुणालाच सांगितले नव्हते. आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या सोबतीने आधारच वाटत होता.

"मग त्या बायकांनी केलं काय?" आईने विचारले.

"काही नाही. ऐकत राहिल्या."

दोन महिन्यांत आई पहिल्यांदा हसली. "म्हणजे तिकडचेही खोकतातच म्हणायचे!" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

खोकला खरा की खोटा, हे मी तिला सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. त्या रात्रीपासून ती झोपू लागली, एवढे खरे. भुतांचा नाद धरून मला काय मिळाले, असे कुणी विचारले, तर मी हेच सांगेन : कुणी असे काही सांगू लागले, तर हसायचे नाही, घाबरायचे नाही, आधी 'कधी ऐकू येतं?' म्हणून विचारायचे, एवढे मला आले.

परवा धनत्रयोदशीला आईने पडवीत दक्षिणेकडे वात करून यमदीप ठेवला. हात जोडून झाल्यावर थोड्या तक्रारीच्या सुरात म्हणाली, "हल्ली फारसे खोकत नाहीत."

मी वही उघडली. पहिल्या रकान्यात तिचे वाक्य लिहिले, दुसऱ्यात 'आई, स्वतः' असे लिहिले. तिसरा रकाना कोराच ठेवला आहे.