बाबांची चोपडी

पहाटेची गाडी वाशिंद स्टेशनातून सुटली की थोड्या वेळाने रुळांवरून हातोड्याचा आवाज यायचा. टण्. चार पावलं. पुन्हा टण्. चुलीपुढे बसल्या बसल्या आई म्हणायची, "ऐक, बाबा पुलाकडे निघाले." बाबा रेल्वेत चावीवाले होते. रुळाला धरून ठेवणारी एक एक चावी ठोकून बघायची, ढिली निघाली तर घट्ट करायची आणि पुढे चालायचं. खडीवरून, भातसा नदीच्या वाऱ्यात, पावसात, एकतीस वर्षं. घरातसुद्धा त्यांना काही ढिलं चालत नसे.

आम्ही मूळचे नगरकडचे, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. रात्री जेवणाआधी शास्त्राचा अध्याय, मग प्रार्थना, आणि मग बाबा फळीवरची लाल कापडी बांधणीची चोपडी काढून दिवसाचा खर्च लिहीत. तिच्यात माझ्या नावाचं वेगळं पान होतं. वह्या, चपला, पास, फी. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडून मी पुण्याला एका छापखान्यात लागायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी ते पान माझ्यापुढे उघडलं. बेरीज आधीच मारलेली होती. एकोणचाळीस हजार सहाशे.

"फेडतो," मी म्हणालो, "मग तुमचं-माझं काही राहणार नाही."

आणि मी फेडले. महिन्याला सहाशेची मनिऑर्डर, सहासष्ट महिने. दर वेळी पोचपावती यायची, तिच्यावर बाबांची सही, दाबून लिहिलेली, शेवटच्या अक्षराखाली रेघ. साडेपाच वर्षं आम्हा बापलेकांमधला पत्रव्यवहार एवढाच. शेवटची पावती आली त्या संध्याकाळी मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आता पुढच्या महिन्यात त्यांची सही येणार नाही, एवढंच मनात घोळत राहिलं.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना आम्हाला बोलता येऊ लागल्यापासून पाठ. मत्तयाच्या शुभवर्तमानात, आपल्या मराठी शास्त्रात, तिथे पाप हा शब्द नाही, ऋण आहे. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं देवाने आम्हाला सोडावं, असं मागणं आहे. हजारदा म्हटलेल्या त्या ओळीतलं क्रियापद मला फार उशिरा ऐकू आलं. तिथे 'फेडणं' नाही, 'सोडणं' आहे. मी फेडलं होतं, सोडलं काहीच नव्हतं. चोपडी एकट्या बाबांकडे होती असंही नाही. माझी कुठे लिहिलेली नव्हती, पण तोंडपाठ होती: प्लॅटफॉर्मवर चारचौघांत मारलेली थप्पड, आईला बोललेले शब्द, दहावीच्या निकालाच्या दिवशी एकदाही न केलेलं कौतुक.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर मी असंख्य उपदेश ऐकलेत. सगळे धाकट्याबद्दल. मला वाटतं, त्या गोष्टीतला खरा हिशेबी थोरला आहे. किती वर्षं राबलो, एक करडूसुद्धा मिळालं नाही, हे त्याला मोजून ठाऊक होतं. बाप त्याची समजूत घालायला अंगणात येतो आणि गोष्ट तिथेच थांबते. तो घरात गेला की नाही, येशू सांगत नाही. मी घर सोडलं धाकट्यासारखं, पण मन थोरल्याचं घेऊन.

त्या वर्षांत मला देवाला 'पित्या' म्हणता येईना. शब्द घशाशी अडायचा. तेव्हा आधार झाला तो कवी नारायण वामन टिळकांचा. टिळकांचं बालपण काही काळ कल्याणला गेलं. आईवर त्यांचा जीव, वडील तापट. आई गेली आणि हा पोरगा घर सोडून नाशिकला गेला. कल्याणहून नाशिकची वाट आमच्या वाशिंदवरूनच जाते, त्यामुळे तो मुलगा मला नेहमी ओळखीचा वाटत आला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला माउली म्हटलं. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेतून तो शब्द त्यांच्याकडे आला, हे खरंच. पण मला त्यात आईवेगळ्या मुलाची हाकही ऐकू येते. मीही वर्षभर तीच हाक मारली. दार बापाचं होतं, मी माउलीच्या नावाने ते ठोठावत होतो.

टिळकांच्या बाप्तिस्म्याने घर फुटलं होतं. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' हे काव्य लिहायला घेतलं आणि ते अपुरं ठेवून १९१९ साली गेले. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. त्या १९३६ साली गेल्या, आणि शेवटचा अध्याय लिहिला मुलाने, देवदत्तांनी. ज्या श्रद्धेपायी बाप लहानपणी दुरावला, तिचंच काव्य मुलाने पुरं केलं. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आई गेली तेव्हा मी आलो आणि मातीच्या दुसऱ्या दिवशी परतलो. बाबांशी बोलणं झालं नाही. त्यानंतर तीन वर्षांनी शेजाऱ्यांचा फोन आला: साखर वाढलीय, पायाची जखम भरत नाही. मी कसारा लोकलने उतरलो. बाबा पडवीत बसले होते.

"गाडी लेट होती?"

"वीस मिनिटं."

डॉक्टरांनी पाय रोज कोमट पाण्याने धुवायला सांगितले होते. पहिल्या संध्याकाळी मी घमेलं घेऊन बसलो तर त्यांनी पाय ओढून घेतले. येशू पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रानेही आधी नकोच म्हटलं होतं. मी हात तसाच धरून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी पाय पाण्यात सोडले. एकतीस वर्षं खडी तुडवलेले पाय, टाचांना शेतासारख्या भेगा. मी ते आयुष्यात प्रथमच हातात घेतले होते. त्या पायांनी मी शिकलो होतो, आणि हे चोपडीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

पंधराएक दिवसांनी, पाय पुसत असताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्या मनिऑर्डरी परत पाठवायला हव्या होत्या. मी सही करायला नको होती."

"मी पाठवायला नको होत्या."

दोघंही पुढे काही बोललो नाही. मालगाडी गेली. मग त्यांनी शास्त्र मागितलं, चष्मा मागितला, आणि त्या रात्री प्रार्थना मी सांगितली. 'पित्या' म्हणताना अडखळलो, पण म्हणालो.

आमचे वाद संपलेले नाहीत. ते अजून चिडतात, मी अजून मनाला लावून घेतो. जखम मात्र पावसाळा संपता संपता भरली. चोपडी शास्त्राशेजारी त्याच फळीवर आहे. माझ्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आता रोज सकाळी मी त्यांच्या साखरेचा आकडा लिहितो, आणि ते चष्मा लावून तो तपासतात.