मैयाच्या नावावर जमा

नर्मदा परिक्रमेत कुणी तुमच्या ताटात भाकर वाढली आणि तुम्ही आभार मानायला गेलात, तर वाढणारा हात जोडतो आणि म्हणतो, "हम कौन देनेवाले? मैया देती है." परिक्रमावासीही घरी परतल्यावर तेच सांगतात. मैयाने जेवू घातलं, मैयाने रात्री छप्पर दिलं. माझी या भावनेवर श्रद्धा आहे. तरीसुद्धा मला ती माणसं वेगवेगळी आठवायची आहेत. पहाटे चूल पेटवणारी बाई स्वतःच्या झोपेतून उठली होती आणि पीठ तिच्याच डब्यातलं होतं. सगळं मैयाच्या नावावर जमा केलं की तिचं देणं फिटल्यासारखं होतं, आणि ते मला होऊ द्यायचं नाही.

परिक्रमेची रीतच अशी आहे की चालणाऱ्याला दुसऱ्याच्या दारी जावंच लागतं. कार्तिकी एकादशीनंतर निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही, आणि दिवस कलला की जे गाव येईल तिथे आसन लावायला जागा मागायची. यासाठी सदाव्रतं आहेत, आश्रम आहेत. अहिल्याबाईंनी महेश्वरात बसून देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, ती परंपरा या काठावर अजून जिवंत आहे. आश्रमात शिधा मिळतो, आणि तो देणारी व्यवस्था मोठी आहे. पण मी सांगते आहे ती माणसं कुठल्याच व्यवस्थेची नव्हती.

ओंकारेश्वराहून दक्षिण तटाने निघालं की बडवानीनंतर शूलपाणीची झाडी लागते. तिथेच नदीचा एक तट महाराष्ट्राचा होतो, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याचा. जुने परिक्रमावासी सांगत, या झाडीत भिल्लमामा अंगावरच्या लंगोटीखेरीज काही ठेवत नाहीत, आणि ते लुटणंही मैयाची परीक्षा समजायचं. मी ज्या पावरा कुटुंबाच्या घरी पोचले, त्यांनी माझ्याकडून घेतलं ते फक्त पाठीवरचं ओझं. पोरगा डोंगर उतरून समोर आला, काही न विचारता सॅक खांद्यावर टाकली आणि पुढे चालू लागला. कुडाचं घर, एका बाजूला शेळ्या, मध्ये चूल. त्याच्या आईने मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. थंडी मरणाची होती. घरातली जाड गोधडी तिने मला दिली आणि स्वतः नातवाला कुशीत घेऊन चुलीशी पडली. रात्री मी दोनदा गोधडी तिच्या अंगावर घालायला गेले. दोन्ही वेळा तिने हात धरून मला परत झोपवलं.

सकाळी ती मला अंगणाच्या कडेला घेऊन गेली. खाली पाण्याचा अफाट पसारा होता. तिने बोट केलं आणि पावरीत काहीतरी म्हणाली. पोरगा आश्रमशाळेत शिकलेला, त्याने मराठीत सांगितलं, "आई म्हणते, आमचं गाळाचं शेत तिथं होतं."

ते पाणी सरदार सरोवराचं. त्याची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटरची. २०१७ साली धरणाचं लोकार्पण झालं, २०१९च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. त्याचा फुगवटा दोनशे किलोमीटरहून जास्त मागे जातो आणि महाराष्ट्रातली ३३ गावं त्याच्या बाधित क्षेत्रात आहेत. हे आकडे मला आधीपासून माहीत होते. पण त्या पाण्याखालच्या शेताची मालकीण शेजारी उभी होती आणि तिने डोंगरउतारावर पिकवलेला मका माझ्या पोटात होता, म्हणून ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. तिने मुलाकडून मला एकच गोष्ट विचारली: हे पाणी तुमच्या गावाला येतं का? मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि वाटेसाठी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. जिच्या पाण्यात शेत गेलं, तिचीच परिक्रमा करणाऱ्या अनोळखी बाईला ही बाई जेवू घालत होती. याला मी काय म्हणावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

पुढे विमलेश्वरला समुद्र आडवा येतो. भरतीची वाट पाहायची आणि होडीने मिठीतलाईला, उत्तर तटावर जायचं. त्या प्रवासात मला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा होडीवरच्या एका खलाशी मुलाने उतरेपर्यंत माझं डोकं धरून ठेवलं होतं. त्याचा चेहरा मला नीट दिसलासुद्धा नाही.

डिंडोरी जिल्ह्यात मला ताप भरला. एका गोंड घराच्या ओसरीवर मी बसले ती उठूच शकले नाही. त्या घरातल्या सुनेने मला आत नेलं, पाय गरम पाण्याने धुतले, फोडांवर हळद-तेल लावलं, आणि गावातल्या आशाताईला बोलावून आणलं. ताप उतरेपर्यंत ती मला कोदोची पेज पाजत राहिली. मला ती माताजी म्हणायची; वयाने मात्र माझ्या मुलीएवढी होती. निघताना मी पैसे पुढे केले तर तिने मागे सरकून हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, ओंकारेश्वरला जल चढवाल तेव्हा दोन थेंब आमच्या घराचे चढवा. मी चढवले, तिचं, सासऱ्याचं आणि दोन्ही मुलांचं नाव घेऊन.

आता परिक्रमेला निघणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, त्यात आम्ही मराठी माणसं पुष्कळ. थंडीच्या दिवसांत काठावरच्या एकेका घरात रोज नवे पाहुणे उतरतात. त्यांच्या कणगीत किती उरलं, हे आपण विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं. परतल्यावर मी पावऱ्यांच्या त्या मुलाला फोन केला आणि काय पाठवू म्हणून विचारलं. कपडे नकोत, धान्य नको, म्हणाला. आईच्या नावाने उतारावरच्या जमिनीचा वनहक्क दावा केला आहे, त्याचे कागद कुणीतरी नीट बघून द्यायला हवेत.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. नकाशे, चतुःसीमा, नोंदी यांतच मी केस पांढरे केले. त्याने कागदांचे फोटो पाठवले. २००६च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. तो फाइलमध्ये नव्हता. आम्ही फोनवर बसून मसुदा केला. मुलाने तो तीन म्हाताऱ्यांना पावरीत वाचून दाखवला, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या घातल्या आणि अंगठे घेतले. ग्रामसभेचा ठराव झाला आहे. दावा उपविभागीय समितीकडे गेला आहे, तिथून तो जिल्हास्तरीय समितीकडे जाईल. शेजारच्या पाड्यावरच्या आणखी दोन घरांचे कागद कालच आले आहेत. एकात चतुःसीमेत पूर्वेचा नाला पश्चिमेला लागला आहे, तो आधी दुरुस्त करायचा आहे.