वकीलपत्र, कुरिअरने

सह्यांची आपल्याला सवय झालीये. बँकेचा फॉर्म, भाडेकरार, ऑफर लेटर... वाचतो कोण? पेन्सिलची फुली दिसली की ठोक सही! पण बेळगावहून कुरिअरने कागद येतो आणि तो अख्खा कानडीत असतो, तेव्हा पेन जरा अडखळतं.

प्रकरण घराचं. बेळगावात, शहापूरला आमचं वडिलोपार्जित घर आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या चुलतभावाने वाटणीचा दावा लावला आणि समन्स थेट आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर. आम्ही इथे राहतो म्हणून केस इथे चालवा, असं म्हणायची सोय नाही. घर-जमिनीचा दावा मालमत्ता जिथे, तिथल्याच कोर्टात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं, कोर्टाने मुदत वाढवली तर ९०. डेडलाइनवर जगणाऱ्या मला हे आकडे पटकन कळले. पण दर तारखेला रात्रीची बस पकडणं? अशक्य.

म्हणून वकीलपत्र. वकीलसाहेब फोनवर म्हणाले, "तुम्ही कशाला येताय ताई? आईंची नि तुमची सही पाठवा, पुढचं मी बघतो." माणूस मोकळा, बोलण्यात अस्सल बेळगावी गोडवा. पण 'पुढचं' म्हणजे नेमकं काय? मराठी मजकूर मागवून घेतला. कोर्टात हजर राहणे, अर्ज देणे, कागद दाखल करणे, पैसे स्वीकारणे... आणि मध्येच, अगदी बिनबोभाट, 'तडजोड करणे'.

आईने तो शब्द दोनदा वाचला. लग्न होऊन ती त्याच घरात आली होती.

अशिलाने स्पष्ट सांगितल्याशिवाय वकिलाने त्याचा हक्क सोडू नये, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये म्हटलंय. पण आपणच सही करून तो अधिकार देऊन टाकला तर? शिवाय हा कागद एका तारखेपुरता नसतो. मध्येच रद्द करायचा तर कोर्टाची परवानगी लागते, नाहीतर केस संपेपर्यंत चालू.

"छापील फॉर्म आहे ताई, सगळ्यांचा तोच असतो," साहेब हसले.

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "सगळ्यांचा असू दे हो साहेब. आमचा वेगळा करा."

केला! 'तडजोड दोघींच्या लेखी संमतीनेच' अशी ओळ घालून नवा कागद आला, सोबत मराठी प्रत. मग सह्या.

मामाचा सल्ला आणखी वेगळा. तो बेळगावातच असतो. त्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करा आणि निवांत राहा, म्हणे. धावपळीला मामा बेस्ट. पण जे आईला स्वतःला माहीत आहे, त्याची साक्ष तिच्या वतीने मुखत्यार देऊ शकत नाही. हेही सुप्रीम कोर्टाचंच, २००४ चं. आणि मागच्या दोन खोल्या कुणाच्या पैशांनी बांधल्या, हे आता फक्त आईलाच ठाऊक आहे.

हल्ली ती ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर १६ अक्षरी सीएनआर नंबर टाकून तारीख स्वतःच बघते. साक्ष अजून लांब आहे, पण बेळगावला जायचं ठरलंय. साडी कुठली, तेसुद्धा.