दांडीवरची रेघ

मुलगी भराभर उंच होऊ लागली, तशी मी तिच्या सायकलची सीट वर घेत गेलो. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवावी आणि पाय सरळ व्हावा, एवढा हिशेब मला ठाऊक होता. हातात पाना आला की आपण मोठे कारागीर आहोत, असेही वाटे!

परवा हवा भरायला गेलो. सायकलवाल्याने सीटखालच्या दांडीवर कोरलेल्या रेघेवर बोट ठेवले. "सर, ही नळीच्या आत बुडलेली हवी. पोरगी वाऱ्यावर बसलीय तुमची!"

रेघ बाहेर राहिली की आतल्या आखूड टोकावर सारा भार येतो. मग एखाद्या खड्ड्यात दांडी वाकते, मोडते, नाहीतर फ्रेमलाच चीर जाते. हँडलच्या दांडीवरची तशीच रेघ मात्र आत होती. तिथवर माझा पाना पोचला नव्हता, एवढेच!

मी लांब दांडी मागितली. जुनीवरचा २७.२ मिलिमीटरचा आकडा वाचून त्याने नेमकी तेवढ्याच जाडीची काढली. २७ ची आत जाईल, पण डुलेल. पत्रा कोंबून ती घट्ट करू नका, असेही बजावले.

समासाची रेघ ओलांडली म्हणून मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांवर डाफरत आलो. ही रेघ दर वेळी डोळ्यांपुढे होती, आणि मी तिला नक्षी समजत होतो.

मुलगी टांग मारून भुर्रकन निघून गेली. ती वळणाआड होईपर्यंत मी आपला उगाच तिथेच उभा राहिलो.