परदेशात राहायचं कुणाच्या घरी?



आपली मुलं-मुली आता स्वयंसेवक म्हणून परदेशात जाऊ लागली आहेत. दिवसा शाळेत नाहीतर वृद्धाश्रमात काम, रात्री यजमान कुटुंबाच्या घरी मुक्काम. माणिकपूरच्या आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी यंदा जर्मनीला निघाली आहे. तिच्या अर्जात एक रकाना होता: भारतीय कुटुंबात राहायला आवडेल का? घरचे खूश. पोरीला निदान वरणभात तरी मिळेल! आम्ही म्हटलं, थांबा.

परदेशातलं भारतीय घर म्हणजे जातमुक्त घर, हे कुणी सांगितलं? पूर्ण नाव काय, गाव कुठलं, घरी देव कोणते, हे प्रश्न विमानात बसूनच तिकडे गेले आहेत. अमेरिकेत सिएटल शहराला 2023 मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्यात घराचाही मुद्दा आहे. तो काही उगाच केलेला नाही. भाडेकरू निदान दुसरी खोली शोधतो. स्वयंसेवकाचं अंथरूण, जेवण आणि काम सगळं एकाच संस्थेच्या हाती असतं. रात्री दहा वाजता स्वयंपाकघराचं दार बंद झालं, तर त्या मुलीनं जायचं कुठं?

बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनला राहून 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर आले. पारशी नाव लावून पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे. मग त्यांनी दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारावं लागेल. ते जोडपं मूळचं ब्राह्मण घराण्यातलं. धर्म बदलला, चूल तीच राहिली! (आमच्या माणिकपुरातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी हे अंगाला लावून घेऊ नये, त्यांच्या ताटात आम्ही कैक वेळा जेवलो आहोत.) शेवटी बाबासाहेब बागेत पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. दोन्ही मित्र शिकलेले होते, हे विसरू नका.

म्हणून गोरं घर स्वर्ग आहे असं आम्ही म्हणत नाही. तिथे रंग आहे, फुकटची मोलकरीण समजणारे यजमानही असतात. आमचं म्हणणं एवढंच की हा प्रश्न नशिबावर सोडू नका. यजमान कोणीही असो, चार गोष्टी आधी लेखी मागा. कडी लागणारी स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर वापरायची मोकळीक, घरकामाची मर्यादा, आणि पटलं नाही तर कारणांची उलटतपासणी न होता घर बदलून मिळण्याची हमी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण जातीचा पुरावा कुठून आणणार? तो नजरेत असतो, वेगळ्या काढलेल्या कपात असतो.

संस्थेला वाईट वाटेल, अशी काहींची भीती. वाटू दे की! तिची मुलगी नाही जाणार, आपली जाणार आहे.

मुलीनं त्या रकान्यात लिहिलं, "कोणतंही कुटुंब चालेल, माझ्या अटी सोबत जोडल्या आहेत." उत्तर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत तिकीट काढायचं नाही, असं तिनं घरी सांगून टाकलं आहे.