आधीं प्रश्न वाचा

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघर पुस्तकें उघडलीं जातात, दिवे उशिरापर्यंत जळतात, आणि आईबाप मुलांस एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगतात, "नीट वाच." धडा नीट वाचावा हें तर खरेंच, परंतु ज्या एकदोन ओळींवर सारे गुण अवलंबून असतात, तो प्रश्न नीट वाचण्याचा अभ्यास फारसा कोणी करवून घेत नाहीं. याविषयीं आमच्या अनुभवाचे चार शब्द विद्यार्थिबंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस सांगावे, असें मनांत आहे.

आमचें बाळपण यवतमाळ जिल्ह्यांतील बोरी अरब येथें, अडाण नदीच्या सान्निध्यांत गेलें. एके वर्षीं सहामाही परीक्षेंत पूर्वीं न वाचलेला एक उतारा आला. नदीला पूर आला आहे, प्रवासी घाई करीत आहेत, आणि नावाडी नाव सोडावयास तयार नाहीं, असा त्यांतील प्रसंग होता. 'पूर' हा शब्द दिसतांच आमची लेखणी उधळली. अडाणचा पूर आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला! गढूळ पाणी, वाहात आलेले ओंडके, दोन्ही तीरांवर खोळंबलेलीं माणसें, सर्व कांहीं आम्हीं दीड पान भरून लिहिलें. पेपर परत मिळाला तेव्हां उत्तरापुढें शून्य होतें, आणि खालीं गुरुजींनीं लाल शाईनें लिहिलें होतें: "उत्तर चांगलें, प्रश्न दुसरा." प्रश्न होता, 'नावाड्यानें नाव कां सोडली नाहीं?' आमच्या दीड पानांत पूर होता. नावाड्याचें कारण कोठेंच नव्हतें. त्या दिवशीं गुरुजींचा राग आला. आज आम्ही स्वतः शिकवितों, आणि तेंच वाक्य मनांतल्या मनांत कितीतरी उत्तरांखालीं लिहितों.

मार्च २०१९ पासून दहावीच्या मराठीस कृतिपत्रिका आली आहे. तींत अपठित उतारा असतो. तेथें पाठ केलेलें उत्तर कामास येत नाहीं. म्हणून आम्ही वर्गांत एक लहानसा उतारा फळ्यावर लिहितों. तो असा: 'मृग कोरडा गेला. शेजाऱ्यांनीं धूळपेरणी उरकली. आबांनीं मात्र बियाण्याचें पोतें कोठडींत तसेंच ठेवलें. सुनेनें विचारलें, कीं ते आभाळाकडे पाहात आणि "गेल्या सालची आठवण आहे ना?" एवढेंच म्हणत.'

यावर चार प्रश्न. पहिला, आबांनीं पोतें कोठें ठेवलें? याचें उत्तर ओळींत तयार आहे. तें शोधून उचलावयाचें. येथें स्वतःची भर घातली तर ती वायां जाते. दुसरा, आबांनीं पेरणी कां केली नाहीं? हें उत्तर कोणत्याही एका ओळींत नाहीं. कोरडा मृग आणि गेल्या सालची आठवण हीं दोन एकत्र जोडलीं, म्हणजे मागच्या वर्षीं घाईनें पेरलेलें वायां गेलें असावें, हें कळतें. तिसरा, आबांचा स्वभाव एका शब्दांत सांगा व त्यास उताऱ्यांतील आधार द्या. यांत मागण्या दोन आहेत. बहुतेक मुलें 'सावध' असें लिहून थांबतात, आणि 'व' या एका अक्षरापाशीं निम्मे गुण सांडतात. चौथा, आबांचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? येथें उतारा उतरवून काढणें म्हणजे प्रश्नास पाठ दाखविणें होय. येथें तुमचें मत व त्याचें कारण हवें. उतारा एकच, परंतु चारहि प्रश्नांची मागणी निराळी.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत एक शास्त्री येशूस प्रश्न करतो, तेव्हां येशू त्यासच उलट दोन प्रश्न विचारतो: शास्त्रांत काय लिहिलें आहे, आणि तूं तें कसें वाचतोस. आमच्या मतें उताऱ्यावरील सारे प्रश्न याच दोन जातींचे असतात. पुढें तो शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? त्यावर दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगून येशू विचारतो, कीं लुटारूंच्या हातीं सांपडलेल्या माणसाचा शेजारी या तिघांपैकीं कोण झाला. शेजारी कोण, आणि शेजारी कोण झाला! एका क्रियापदानें प्रश्न पालटला, आणि त्याबरोबर विचारणाऱ्याचें कर्तव्यहि पालटलें.

हें सारें केवळ गुणांसाठीं आहे, असें कोणी समजूं नये. २०१७ च्या खरिपांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचें फार नुकसान केलें. त्या वर्षीं आमच्या काकांचा पीकविम्याचा अर्ज आम्हींच भरला होता. काका सहीपुरते शिकलेले. घरांत मास्तर असतां दुसऱ्याकडे कशाला जावें, असा त्यांचा विश्वास. रकान्यांत कपाशीखालील क्षेत्र विचारलें होतें. आमच्या नजरेस 'क्षेत्र' एवढाच शब्द पडला, आणि आम्हीं साऱ्या शेताचा आंकडा लिहून दिला. कपाशी निम्म्यांतच होती, बाकीच्यांत तूर. अर्ज परत आला तोंवर मुदत टळली होती. काका रागावले नाहींत. "बापू, वाचलं होतं ना?" इतकेंच त्यांनीं विचारलें. शाळेंत शून्य मिळालें तेव्हां आम्हांस राग आला होता. या वेळीं मान वर करवेना.

म्हणून मुलांनो, प्रश्न दोनदां वाचा. 'कां', 'कसें', 'कोणीं', 'व' अशा शब्दांखालीं पेन्सिलीनें रेघ ओढा. उत्तर लिहून झाल्यावर पुन्हां प्रश्नाकडे जा आणि पाहा, त्यानें मागितलेलें आपण दिलें कीं आपल्याजवळ होतें तें दिलें. पालकांसहि एक विनंति आहे. मूल अभ्यासास बसलें म्हणजे "प्रश्न तुझ्या शब्दांत सांग बरें," असें त्यास म्हणावें. याला स्वतः शिकलेलें असण्याची गरज नाहीं. ऐकून घेण्यास थोडा वेळ असला म्हणजे पुरे. आमच्या काकांनीं त्या दिवशीं आम्हांस एवढेंच विचारलें असतें, तर रकान्यांतील तो शब्द आमच्या दृष्टीस पडला असता.